२००५ सालच्या मोठ्या घटना निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महाडजवळच्या तुमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकात 'वीस वर्षांपूर्वीचं जग' असं पान करायचंय आणि त्यात २००५ सालच्या दहा मोठ्या जागतिक घटना द्यायच्यात. तीन याद्या पाहिल्यात, तिन्ही वेगळ्या निघाल्या. एकीत त्सुनामी आहे, दुसरीत नाही. हवामानबदल रोखण्यासाठीचा क्योटो करार १९९७ सालचा, तरी तो २००५च्या यादीत दिसतो. आणि २६ जुलैचा पाऊस एकाही परदेशी यादीत नाही, मग तो घ्यायचा की घरचा म्हणून सोडून द्यायचा?

मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं परदेशी बातम्यांचं पान लावलं. डिसेंबर उजाडला की सरत्या वर्षाच्या आढाव्याची पुरवणी माझ्या गळ्यात पडायची. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्हाला घटनांची कमतरता नाही, फूटपट्टीची आहे. कुणी मृतांच्या आकड्यावरून मोजतं, कुणी टीव्हीवर ती किती दिवस चालली यावरून, कुणी माणसाच्या प्रसिद्धीवरून. फूटपट्टी बदलली की यादी बदलणारच. तीन याद्या जुळत नाहीत यात त्या याद्यांचा काही दोष नाही.

त्सुनामीचं कोडं मात्र साधं आहे, ते आधी सोडवू. वृत्तसंस्थांचे वार्षिक आढावे डिसेंबरच्या मध्यापासूनच यायला लागतात, कारण पुरवण्या आधी छापाव्या लागतात. त्सुनामी आली २६ डिसेंबर २००४ला, म्हणजे २००४चे आढावे छापून झाल्यावर. मग पुढच्या वर्षी कुणी तिला २००५मध्ये बसवलं, कुणी तारीख बघून वगळलं. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात घडलेलं असं नेहमीच दोन वर्षांच्या फटीत पडतं. माझं मत विचाराल तर लाट २००४ची, पण तिच्यामुळे जे झालं ते २००५चं. त्यावर पुढे येतोच.

दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधी कबूल करतो. एक म्हणजे वाचक. हाच अंक इचलकरंजीत निघत असता तर कापडाच्या बातमीला मी वरची जागा दिली असती. दुसरी म्हणजे तुम्ही कधी मोजताय. डिसेंबर २००५मध्ये केलेली यादी आणि आज केलेली यादी सारखी असूच शकत नाही. तुमचं सदरच 'वीस वर्षांपूर्वीचं जग' आहे, म्हणजे मधल्या वीस वर्षांत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. ही सोय आम्हाला तेव्हा नव्हती. ती पुरेपूर वापरा. माझी फूटपट्टी एवढीच आहे: त्या घटनेनंतर कोणता कायदा, नियम, सरहद्द किंवा सवय अशी बदलली, जी नंतर पूर्ववत झाली नाही?

ही पट्टी चालते का ते बघायला २००५चा एकच महिना उघडा. जुलै. इतका गच्च महिना क्वचितच येतो.

६ जुलैला सिंगापूरमध्ये ऑलिंपिक समितीने २०१२चे खेळ लंडनला दिले, पॅरिस ५४ विरुद्ध ५० मतांनी हरलं. ट्रफाल्गर चौकात जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या तीन गाड्यांत आणि एका बसमध्ये आत्मघाती स्फोट झाले, ५२ माणसं मारली गेली. त्या वेळी स्कॉटलंडमध्ये ग्लेनईगल्सला जी-८ या आठ बड्या देशांच्या गटाची परिषद चालू होती. अठरा गरीब देशांची कर्जं माफ करण्याचा आणि आफ्रिकेची मदत वाढवण्याचा विषय तिथे होता, पण ८ जुलैच्या त्या घोषणेकडे बघायला जगाला सवडच नव्हती.

१८ जुलैला वॉशिंग्टनमध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी संयुक्त निवेदन काढलं. भारताने नागरी आणि लष्करी अणुभट्ट्या वेगळ्या करायच्या, अमेरिकेने त्याबदल्यात आपला कायदा बदलायचा. निवेदनात आपल्या तारापूरचा नावानिशी उल्लेख होता. तिथल्या भट्ट्यांना लागणाऱ्या इंधनाच्या पुरवठ्याचा विचार लवकर करू, असं अमेरिकेने त्यात म्हटलं. १९६९ सालापासून चालणाऱ्या त्या भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, आणि १९७४च्या पोखरण चाचणीनंतर त्यांचं इंधन हा कायमचा तिढा होऊन बसला होता. त्या दिवशी ही बातमी मोठी लागली खरी, पण तिची खरी उंची कळायला तीन वर्षं गेली: डाव्यांनी पाठिंबा काढला, जुलै २००८मध्ये सरकारला लोकसभेत विश्वासदर्शक ठराव जिंकावा लागला आणि सप्टेंबरमध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारतासाठी आपला नियम शिथिल केला.

आता २१ जुलै बघा, ही माझी आवडती तारीख आहे. त्या दिवशी लंडनमध्ये पुन्हा चार बॉम्ब ठेवले गेले, पण त्यांचा मुख्य स्फोट झालाच नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी संशयित समजून ब्राझीलच्या एका निरपराध तरुणाला भुयारी रेल्वेत गोळ्या घातल्या. साहजिकच पान एक लंडनचं. त्याच २१ जुलैला चीनने आपल्या युआनची डॉलरला बांधलेली गाठ सैल केली. दहा वर्षं एक डॉलर म्हणजे सुमारे ८.२८ युआन हा दर ठोकून बसवला होता, तो ८.११ केला आणि पुढे अनेक चलनांकडे बघून तो ठरवू असं सांगितलं. फरक दोन टक्क्यांचा. अशी बातमी व्यापार-उद्योगाच्या पानावर जाते, आणि त्या रात्री तिथेच जायला हवी होती. पण जगातला कारखानदारी माल कोणत्या भावाने विकला जाणार, चीनकडचे डॉलर कुठे जाणार, अमेरिका-चीन भांडण कोणत्या भाषेत होणार, या सगळ्याशी तिचा संबंध होता. वीस वर्षांनी यादी करणाऱ्याने या दोन बातम्यांची जागा अदलाबदल करायला हरकत नाही.

२८ जुलैला आयरिश रिपब्लिकन आर्मीने सशस्त्र लढा संपवल्याचं जाहीर केलं आणि सप्टेंबरपर्यंत तिची शस्त्रं निकामी केल्याची तपासणीही झाली. लंडनमध्ये तीन आठवड्यांपूर्वी बॉम्ब फुटलेले असताना लंडनमध्ये पूर्वी बॉम्ब फोडणारी संघटना शस्त्रं खाली ठेवत होती. असं बाकी कुठल्या कादंबरीत लिहिलं असतं तर ओढूनताणून वाटलं असतं.

मधली एक तारीख मुद्दाम शेवटी ठेवली. २६ जुलै. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार रात्री आठच्या सुमाराला फ्लोरिडातून 'डिस्कव्हरी' यान उडालं. २००३मध्ये कल्पना चावला आणि तिचे सहकारी 'कोलंबिया'त गेले, त्यानंतरचं हे पहिलं उड्डाण. जगभरच्या वाहिन्या तिकडे होत्या. त्या वेळी मुंबईत लोक छातीभर पाण्यातून घरी चालत होते.

तुमचा मुख्य प्रश्न हाच आहे ना, की हा पाऊस 'जागतिक' आहे का? माझं उत्तर हो आहे, आणि ते आपुलकीपोटी नाही. त्याला एकट्याला घेऊ नका, त्याच वर्षीच्या आणखी दोन घटनांच्या शेजारी ठेवा: अमेरिकेतलं २९ ऑगस्टचं कॅटरिना वादळ आणि ८ ऑक्टोबरचा काश्मीरचा भूकंप. पाणी, वारा आणि जमीन, तीन वेगळ्या गोष्टी. पण माणसं कशाने मेली ते बघत गेलात तर तिन्हीकडे एकाच जागी पोहोचाल.

मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात त्याच काळात ७३ मिलिमीटर पडला. म्हणजे दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांना उपनगरात काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. शहरात तेव्हा पावसाच्या ढगांचा माग काढणारं डॉप्लर रडार नव्हतं. पावसाळी गटारांची आखणी तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने झालेली, ती सुधारायचा अहवाल १९९३पासून पडून होता. मिठी नदी दोन्ही बाजूंनी आवळलेली, वर दुपारची भरती. आकाशातून पडलं ते निसर्गाचं होतं, पण ते कुठे आणि किती वेळ साचायचं हे महापालिका, बिल्डर आणि भराव टाकणारे यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. राज्यभरात एक हजाराहून जास्त माणसं गेली. त्यात तुमच्या महाड तालुक्यातली जुई, दासगाव ही दरडीखाली गेलेली गावंही आली, जी 'मुंबईचा पूर' या मथळ्याखाली कायम झाकली जातात. तुमच्या अंकाने निदान हे झाकण काढावं.

न्यू ऑर्लिन्सचंही तसंच. लोकांच्या मनात असं बसलंय की वादळ आलं आणि शहर बुडालं. प्रत्यक्षात वादळाचा गाभा शहराच्या पूर्वेकडून गेला आणि शहर बुडालं ते कालव्यांच्या पूरभिंती फुटल्यामुळे. यातल्या काही भिंती तर पाणी त्यांच्या माथ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच सरकल्या. त्या बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या दलाने २००६मध्ये आराखड्यातले दोष स्वतः मान्य केले. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ज्यांच्याकडे गाडी होती ते आधीच निघून गेले होते. उरले ते बहुतांशी गरीब, म्हातारे आणि कृष्णवर्णीय, आणि ते सुपरडोमच्या क्रीडागारात अन्नपाण्याची वाट बघत बसले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाचं सरकार चार-चार दिवस तिथे पोहोचत नाही, हे चित्र जगाने थेट बघितलं. बुश यांची लोकांच्या मनातली पत इराकने जितकी घसरवली, जवळपास तितकीच या आठवड्याने, असं मला वाटतं. त्या मोसमात अटलांटिकमध्ये इतकी वादळं झाली की नावांची यादी संपली आणि आल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरं वापरावी लागली.

काश्मीरचा भूकंप ७.६ क्षमतेचा. शनिवार, रमजानचा महिना, पाकिस्तानात शाळा भरलेल्या. मुझफ्फराबाद आणि बालाकोटच्या परिसरात कमकुवत बांधलेल्या शाळांचे स्लॅब मुलांवर कोसळले, हजारो शाळकरी मुलं गेली. पाकिस्तानातल्या मृतांचा अधिकृत आकडा ७३ हजारांच्या वर आहे, भारताच्या बाजूला तेराशेहून अधिक. त्याच वर्षी एप्रिलमध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली होती. भूकंपानंतर नोव्हेंबरमध्ये नियंत्रण रेषेवर पाच ठिकाणी वाट उघडायचं दोन्ही देशांनी मान्य केलं. तेवढं झालं, त्यापलीकडे फारसं काही झालं नाही.

आता फूटपट्टी लावू. मागे काय उरलं? जानेवारी २००५मध्ये, त्सुनामीला महिनाही झाला नव्हता तेव्हा, जपानमधल्या कोबे शहरात १६८ देशांची परिषद भरली. ती आधीपासून ठरलेली होती, कोबेच्या भूकंपाला दहा वर्षं होत होती म्हणून. तिथे ह्योगो आराखडा ठरला. आपत्ती आल्यावर धावाधाव करण्याऐवजी आधीपासून धोका कमी करायचा, त्यासाठी प्रत्येक देशाने कायमची यंत्रणा उभी करायची, असा त्याचा गाभा. भारतात त्सुनामी, २६ जुलै आणि काश्मीर यांच्या पाठोपाठ डिसेंबर २००५मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, २३ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. वर्षअखेरीच्या गर्दीत असला कायदा आतल्या पानावर जातो, कारण वाचकाला तो कोरडा वाटतो. मार्च २०२०मध्ये अख्खा देश बंद केला गेला तो याच कायद्याखाली. तुमच्या गावात त्या वर्षी जिल्हाधिकाऱ्यांचे जे आदेश लागले त्यांच्या पहिल्या ओळींत या कायद्याचं नाव सापडेल. २००५च्या तीन आपत्तींपैकी एकही तुमच्या वाचकाच्या दारात गेली नसती, तरी हा कायदा गेलाच.

म्हणून मी या तिन्ही घटना वेगवेगळ्या क्रमांकांवर देणार नाही. एकत्र देईन, शेवटी कायदा ठेवीन.

आता त्सुनामी. एकाच लाटेने दोन युद्धभूमी धुतल्या आणि दोन्हीकडे उलटं घडलं. इंडोनेशियाच्या आचे प्रांतात १९७६पासून स्वतंत्र आचेसाठी बंड चालू होतं. लाटेने तिथे जो संहार केला तो इतर कुठल्याही जागेपेक्षा मोठा होता. १५ ऑगस्ट २००५ला हेलसिंकीत बंडखोर आणि सरकार यांच्यात करार झाला. मध्यस्थ होते फिनलंडचे माजी अध्यक्ष मार्टी अहतिसारी, त्यांना २००८चं शांततेचं नोबेल मिळालं. बंडखोरांनी स्वातंत्र्याची मागणी सोडली, सरकारने स्वायत्तता आणि स्थानिक पक्ष काढायची मुभा दिली. हा करार टिकला. आता श्रीलंका बघा. तिथे मदतीचं वाटप सरकार आणि वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणारे 'तमिळ वाघ' (एलटीटीई) मिळून करतील असा समझोता जूनमध्ये झाला, पण त्यावरून सरकारातला जेव्हीपी हा डावा सिंहली पक्ष बाहेर पडला, सर्वोच्च न्यायालयाने त्यातली महत्त्वाची कलमं थांबवली, १२ ऑगस्टला परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कादिरगमार यांची हत्या झाली आणि नोव्हेंबरात महिंदा राजपक्षे अध्यक्ष झाले. युद्ध संपलं ते मे २००९मध्ये, भीषण रक्तपात होऊन.

'त्सुनामीने शांतता आणली' असं सोपं वाक्य लिहू नका एवढ्यासाठी हे सांगितलं. आचेत दोन्ही बाजू लाटेच्या आधीपासून थकलेल्या होत्या आणि बोलणीची चाचपणी चालू होती. लाटेने घाई केली. श्रीलंकेत दोन्ही बाजूंना अजून जिंकण्याची आशा होती, तिथे मदतीचा पैसाच भांडणाचं नवं कारण झाला.

क्योटोबद्दल. करार १९९७चा, पण तो लागू व्हायला दोन अटी होत्या: किमान ५५ देशांची मान्यता, आणि मान्यता देणाऱ्या औद्योगिक देशांचा १९९०च्या हिशेबाने कार्बन उत्सर्जनातला वाटा किमान ५५ टक्के. २००१मध्ये अमेरिका बाहेर पडली आणि ही दुसरी अट अडून बसली. मग सगळ्यांच्या नजरा रशियाकडे लागल्या. नोव्हेंबर २००४मध्ये रशियाने कागद दाखल केले, तिथून नव्वद दिवस मोजले की येतो १६ फेब्रुवारी २००५. आंतरराष्ट्रीय करारांच्या बाबतीत ठरल्याची, सहीची आणि लागू झाल्याची अशा तीन तारखा असतात. तिन्हींपैकी कोणती घेतलीत ते पानावर स्पष्ट लिहा, म्हणजे वाचक गोंधळणार नाही. त्याच वर्षी १ जानेवारीपासून युरोपात कार्बनचे परवाने विकायचा बाजारही सुरू झाला.

१ जानेवारी २००५ ही तारीख तुम्ही पाहिलेल्या तिन्ही याद्यांत नसणार, मी पैज लावतो. त्या दिवशी काहीच 'घडलं' नाही, फक्त दोन मुदती संपल्या. पहिली कापडाची. श्रीमंत देशांनी गरीब देशांतून येणाऱ्या कपड्यांवर कित्येक दशकं कोटा लावला होता, तो त्या दिवशी उठला. चिनी कपड्यांचा इतका लोंढा युरोपात आला की जूनमध्ये युरोपीय संघाने घाईघाईने नवीन मर्यादा घातल्या, आणि ऑगस्टमध्ये कोट्यवधी स्वेटर, पँटी आणि ब्रा युरोपच्या बंदरांत अडकून पडले. दुकानदारांनी पैसे भरलेले, हिवाळा तोंडावर, आणि माल कस्टमच्या गोदामात. सप्टेंबरच्या सुरुवातीला तडजोड झाली आणि बंदरं मोकळी झाली. जागतिकीकरण म्हणजे काय हे शाळेतल्या मुलाला समजवायचं असेल तर मला हे गोदाम पुरेसं वाटतं.

दुसरी मुदत औषधांची. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट मिळत नसे, ते बनवायच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवता यायचं, आणि २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची औषधं रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केली ती याच वाटेने. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार भारताला २००५पासून औषधावरच पेटंट द्यावं लागलं. मार्चमध्ये संसदेत कायदा दुरुस्त झाला, पण त्यात कलम ३(ड) घातलं गेलं: जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळणार नाही. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या कर्करोगावरच्या औषधाला पेटंट नाकारलं ते या कलमावर बोट ठेवून. आफ्रिकेतल्या रुग्णालयापासून तुमच्या तालुक्यातल्या मेडिकल स्टोअरपर्यंत पोहोचणारी ही घटना आहे. फोटो नाही, मृत नाहीत, भाषण नाही, म्हणून यादीत नाही.

काही घटनांचं वर्ष कोणतं धरायचं हाच वाद असतो. २९ जुलैला खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोच्या पलीकडच्या एका मोठ्या गोलाची घोषणा केली, पुढे त्याला एरिस नाव मिळालं. छायाचित्रं २००३ची, त्यांत तो ओळखला गेला जानेवारी २००५मध्ये, घोषणा जुलैत, आणि त्याच्यामुळे प्लूटोचं ग्रहपद गेलं ऑगस्ट २००६मध्ये. डेन्मार्कमधल्या 'युलांड्स-पोस्टेन'ने प्रेषित मुहम्मदांची बारा व्यंगचित्रं छापली ३० सप्टेंबर २००५ला, दूतावास जळले फेब्रुवारी २००६मध्ये. आणि २३ एप्रिलला यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून बोलणारा एक तरुण, वीस सेकंदांच्या आतला. आमच्या डेस्कवर कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. माझा नियम असा की कृती ज्या वर्षी झाली त्या वर्षी एका ओळीत नोंदवायची आणि परिणाम कोणत्या वर्षी आला तेही त्याच ओळीत सांगायचं. एरिस आणि व्यंगचित्रं अशी बसतात. यूट्यूबला मात्र मी मोठी चौकट देईन.

गाझाही अशाच जातीचं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इस्रायलने गाझातल्या २१ वसाहती रिकाम्या केल्या, १२ सप्टेंबरला शेवटचे सैनिक बाहेर पडले. स्वतःच्याच वसाहतवाल्यांना उचलून बाहेर काढणाऱ्या इस्रायली सैनिकांची ती दृश्यं होती. त्या वेळी अनेकांनी याला शांततेकडचं पाऊल म्हटलं, टीकाकारांनी वाटाघाटींशिवाय टाकलेली एकतर्फी चाल म्हटलं. जानेवारी २००६मध्ये हमास निवडणूक जिंकला, २००७मध्ये गाझा त्याच्या ताब्यात गेलं, आणि ऑक्टोबर २०२३नंतर जे चालू झालं ते तुम्ही पाहताच आहात. ही घटना २००५च्या यादीत दहा वर्षांपूर्वी कदाचित सातवी-आठवी आली असती. आज मी ती पहिल्या तिनांत ठेवीन.

मृतांच्या आकड्यावरून मोजणं का फसतं, त्याचं एक उदाहरण देतो. ३१ ऑगस्टला बगदादमध्ये शिया यात्रेकरू एका पुलावरून जात असताना आत्मघाती हल्लेखोर घुसल्याची अफवा उठली. चेंगराचेंगरीत नऊशेहून अधिक माणसं गेली. दोन दिवसांपूर्वी कॅटरिना येऊन गेलं होतं, सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे न्यू ऑर्लिन्समध्ये होते. आपल्याकडे त्याच वर्षी २५ जानेवारीला मांढरदेवीच्या यात्रेत तीनशेच्या घरात भाविक गेले, तेही जगाच्या यादीत नाहीत. आकडा मोठा असून उपयोग नसतो, त्या आठवड्यात दुसरं काय चाललंय यावर बातमीची जागा ठरते. इराकमध्ये त्या वर्षी तीनदा मतदान झालं, जानेवारी, ऑक्टोबर आणि डिसेंबर, आणि सद्दामचा खटलाही सुरू झाला. इराक या नावाखाली हे सगळं एका परिच्छेदात आटपा.

बाकीचं भराभर सांगतो. १ फेब्रुवारीला नेपाळच्या राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता स्वतःच्या हातात घेतली, त्यातून राजकीय पक्ष आणि माओवादी एकत्र आले आणि २००८मध्ये राजेशाहीच संपली. ही घटना नक्की घ्या. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांची १४ फेब्रुवारीला हत्या झाली आणि एप्रिलअखेर सीरियाचं सैन्य लेबनॉनमधून निघालं, हीही घ्या. फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपची राज्यघटना फेटाळली, पण तिचा बराच मजकूर पुढे लिस्बन कराराने आणला, तेव्हा दोन ओळी पुरेत. अँजेला मर्केल २२ नोव्हेंबरला जर्मनीच्या चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख झाल्या आणि डिसेंबर २०२१पर्यंत राहिल्या, त्याही दोन ओळी. पोप जॉन पॉल दुसरे यांचं निधन तुमच्या तिन्ही याद्यांत आहे. अंत्यविधीला जमलेली गर्दी अफाट होती हे खरं, पण त्यांचं मोठं काम १९८०च्या दशकातलं, पोलंडमधलं. २००५ साली एक वृद्ध पोप गेले आणि त्यांच्याच विचारांचे दुसरे आले. मी ही घटना निधनवार्तांत टाकीन. तुमच्या भागात ख्रिस्ती वाचक बरेच असतील तर मात्र हा निर्णय बदला.

आणि छापायला देण्याआधी आकडे तपासा, तेही आजच्या तारखेला. कॅटरिनाच्या मृतांचा आकडा वर्षानुवर्षं १,८३३ छापला गेला, अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने २०२३मध्ये तो १,३९२ केला. जुन्या पुस्तकांत पहिला दिसेल, नव्या ठिकाणी दुसरा. काश्मीर भूकंपाच्या बाबतीत काही जण फक्त पाकिस्तानचा आकडा देतात, काही जण दोन्ही बाजूंचा मिळून. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर चोवीस तासांचे आहेत, पण अनेक जण ते 'काही तासांत' असं लिहून टाकतात. जुई-दासगावच्या मृतांचा आकडा मात्र कुठल्याही यादीतून उचलू नका. महाडच्या तहसील कचेरीत जाऊन घ्या, आणि कचेरी आणि गाव यांचे आकडे जुळले नाहीत तर दोन्ही छापा.